नॅक्सोस बेट: पैसे कुठे लागतात, कुठे नाही

ग्रीसला जाणारी आपली मंडळी सँटोरिनीवर तीन-तीन रात्री काढतात. त्यातल्या दोन नॅक्सोसला द्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. इथल्या सगळ्यात देखण्या प्राचीन खुणांना तिकीटच नाही. खर्च होतो तो तिथवर पोहोचण्यात.

हिशेबासाठी एक युरो शंभर रुपयांचा धरा. शेंगेन व्हिसाचं शुल्क ९० युरो, व्हिसा अर्ज केंद्राचे पैसे वेगळे. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून साधी फेरी बोट पाच-साडेपाच तासांत पोहोचवते, माणशी ५० युरोंच्या आसपास. जलद बोटीला २०-३० युरो जास्त मोजावे लागतात. साधीच घ्या, वारा सुटला की जलद बोटी आधी रद्द होतात. हॉटेलच्या दरावर एप्रिल ते ऑक्टोबर सरकारी कर लागतो: तीन तारांकितला खोलीमागे रात्रीला ५ युरो, चार तारांकितला १०. बुकिंग करताना तो किमतीत धरलाय का, ते बघा.

बंदराजवळच पोर्तारा उभी आहे. अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या मंदिराचं हे संगमरवरी दार, सहा मीटर उंच, इ.स.पू. ५३० च्या सुमाराचं. नॅक्सोसचा हुकूमशहा लिग्दामिसची सत्ता गेली आणि काम थांबलं. पुढे व्हेनिसच्या लोकांनी इथला संगमरवर किल्ल्यासाठी नेला, पण दाराचे चिरे इतके अवजड की ते जागेवरच राहिले. इथे कधीही जा, फुकट.

आतल्या गावांसाठी बस दोन ते सात युरोंत नेते. हल्कीत १८९६ पासूनची वालिंद्रास भट्टी आहे, तिथे महाळुंगाच्या पानांपासून कित्रोन नावाचं मद्य करतात. अपिरांथोसच्या गल्ल्याच संगमरवरी, म्हणून न घसरणाऱ्या तळाचे बूट घाला. सांग्रीजवळचं दिमित्रा देवीचं मंदिर मात्र आडबाजूला आहे. त्यासाठी एक दिवस गाडी भाड्याने घ्याच: मे किंवा सप्टेंबरअखेर ३०-४० युरो, ऑगस्टमध्ये जवळपास दुप्पट. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या, शुल्क १००० रुपये.

त्याच गाडीने उत्तरेला अपोलोनासपर्यंत जा. डोंगरातल्या जुन्या खाणीत साडेदहा मीटरहून लांब कुरोस, म्हणजे प्राचीन ग्रीक पुरुषपुतळा, उताणा पडलाय. चेहरा अजून कोरलेला नाही, दाढीचा नुसता ठोकळा दिसतो. अंगावर छिन्नीचे घाव आणि दगडाला गेलेल्या भेगाही स्पष्ट दिसतात. बहुधा त्या भेगांमुळेच तो सोडून दिला. तिकीट नाही, कुंपण नाही, अगदी पायाशी उभं राहून बघता येतं.

शाकाहारींची सोय चांगली आहे: पिवळ्या डाळीचा फावा, भात भरलेले टोमॅटो, इथले नावाजलेले बटाटे आणि ग्राविएरा चीज. टावेर्नात, म्हणजे खानावळीत, माणशी १५ युरोंत पोटभर होतं. न मागता आलेल्या पावाचे एक-दोन युरो बिलात लागतात, नको असेल तर आधीच सांगा.

अपोलोनासला बसने गेलात, तर परतीची वेळ उतरतानाच चालकाला विचारून घ्या. तिथून फेऱ्या मोजक्याच आहेत आणि टॅक्सीचं भाडं दिवसभराच्या गाडीइतकं पडू शकतं.