आधी गिअर बॉक्सचं तेल बघ

मांजरसुंबा, ता. बीड
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. बापूस,


परवा तुझा फोन आला तेव्हा ऊसतोडीचा एक ट्रक खड्ड्यावर उभा होता आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत क्राऊनच्या तेलात होते. त्यामुळे धड बोलता आलं नाही. गाडी घेतलीस, फार आनंद झाला. २०१८ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २३० हॉर्सपॉवर, ७२ हजार किलोमीटर पळालेली. ताईने फोटो पाठवला तो मी मामीला दाखवला, पोरांना दाखवला, फाट्यावरच्या चहावाल्यालाही दाखवला. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ साली सुरू झाला तेव्हा मला इथे गॅरेज टाकून सहा वर्षं झाली होती. पहिल्या ऑक्टाव्हिया या रस्त्याने जाताना दिसल्या की आम्ही हातातला पाना खाली ठेवून बघत राहायचो. आपल्या घरात ती गाडी येईल असं तेव्हा मनातसुद्धा आलं नव्हतं.

पण फोनवर तू जाता जाता एक वाक्य बोललास, ते मला रात्रभर टोचत राहिलं. विकणारा म्हणाला, ‘डीएसजीचं तेल आयुष्यभराचं असतं, त्याला हात लावायचा नाही.’ बापू, हे तुझ्या गाडीला लागू नाही. पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा डीएसजी गिअर बॉक्स यायचा, त्याचे क्लच कोरडे असतात. त्याच्या तेलाबद्दल लोक असं बोलतात, आणि तेच वाक्य सगळ्या डीएसजींना चिकटवतात. तुझा बॉक्स सहा गिअरचा आहे. त्याचे दोन्ही क्लच तेलात बुडालेले असतात. एक क्लच पहिला, तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स सांभाळतो, दुसरा क्लच दुसरा, चौथा आणि सहावा. कंपनीनेच सांगून ठेवलंय की दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायचा. तू १२ हजार पुढे आहेस. विकणाऱ्याकडे बिल माग. सर्व्हिस बुकातला शिक्का चालणार नाही, तो इंजिन ऑइलचा असतो. बिलावर डीएसजीचं तेल किती लिटर आणि गिअर बॉक्सचा फिल्टर, असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. नसेल तर तेल कधीच बदललेलं नाही असं धरून चाल.

तुझे आजोबा नेकनूरच्या बाजाराला निघायचे तेव्हा बैल जुंपायच्या आधी आखाला वंगण लावायचे. वंगणाचं नळकांडं गाडीखाली टांगलेलंच असायचं. त्या वंगणाला एकच काम होतं, लाकूड आणि लोखंड एकमेकांना खाऊ नयेत. ट्रकच्या क्राऊनमध्ये मी नव्वद नंबरचं ऑइल भरतो, त्याचंही काम थोड्याफार फरकाने तेच. तुझ्या बॉक्समधल्या तेलाला मात्र चार कामं एकदम करावी लागतात. ते दातांना वंगण देतं, क्लचची उष्णता बाहेर नेतं, दाबाखाली जाऊन गिअर बदलतं, आणि क्लचच्या चकत्या किती घसरायच्या आणि कधी पकडायच्या हेही त्याच्याच गुणावर ठरतं. शिवाय तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालते. तिचं डिफरन्शिअल त्याच पेटीत, त्याच तेलात आहे. वेगळं क्राऊन ऑइल नाहीच.

प्रत्येक वेळी क्लच पकडतो तेव्हा चकत्यांची थोडी भुकटी तेलात उतरते. दातांची बारीक लोखंडी धूळही उतरते. फिल्टर बरंचसं धरतो, सगळं नाही. उरलेलं तेलाबरोबर फिरत राहतं आणि गिअर बदलणाऱ्या व्हॉल्व्हच्या अरुंद वाटांत जाऊन बसतं. मग पहिल्यात निघताना गाडी थरथरते, दुसऱ्यातून पहिल्यात येताना खालून ‘टक्’ वाजतं. माणूस म्हणतो, बॉक्स गेला. बॉक्स जायच्या आधी तेल गेलेलं असतं, आणि ते महिनोन् महिने सांगत असतं. कुणी बघत नाही, एवढंच.

म्हणून नुसतं बदलू नकोस, आधी बघ. इथे येशील तेव्हा आपण तेल अर्धं सांडू देऊन मधल्या धारेतलं कोरड्या, स्वच्छ बाटलीत धरू. पहिल्या धारेत तळाचा गाळ येतो, शेवटच्या धारेत भांड्याची घाण मिसळते. शेजारी नव्या तेलाची बाटली ठेवायची आणि दोन्ही उन्हात धरायच्या. नवं मधासारखं दिसतं. जुनं काळपट असणारच, त्याला घाबरायचं नाही. पण दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, आणि जळक्या भाकरीसारखा करपट वास आला तर क्लच फार तापलाय. मग एक थेंब दोन बोटांत घेऊन चोळायचा. गुळगुळीत लागला तर ठीक. कचकच लागली तर थांबायचं.

पाण्याची शंका राहिली तर एक जुनी पद्धत आहे. टाकाऊ तवा बाहेर उघड्यावर तापवायचा, पाण्याचा थेंब चरचरून उडून जाईल इतपतच, लाल नाही. त्यावर तेलाचा एक थेंब सोडायचा. तेलात पाणी असेल तर ते फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं. नसेल तर गुमान पसरतं. डोळ्याला चष्मा लावूनच हे करायचं. घरच्या तव्यावर केलंस तर मामी काय म्हणेल ते मी सांगायला नको.

सगळ्यात जास्त फिल्टर बोलतो. जुना फिल्टर फेकून देऊ नकोस. त्याचा कागद कापून पांढऱ्या ताटात उलगडायचा आणि त्याखालून लोहचुंबक फिरवायचं. बोटाला लागेल अशी राखाडी, मऊ पेस्ट ही झिजेची असते, एवढ्या किलोमीटरला ती येणारच. पण नखाने उचलता येईल असा लोखंडाचा कण किंवा पितळी चकाकी दिसली, तर नवं तेल भरून तो आजार झाकता येणार नाही. मग बॉक्स उघडायचाच. बाटलीतलं तेल मी तुझ्याबरोबर पुण्याला देणार आहे. तिथे वापरलेलं तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. लोखंड, तांबं, सिलिकॉन किती ते आकड्यात सांगतात. सिलिकॉन वाढलं तर बाहेरची धूळ आत जातेय. एका अहवालावरून फारसं ठरत नाही. आणखी वीस-तीस हजारांनी दुसरा नमुना दे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाच. रेल्वेच्या लोको शेडमध्ये इंजिनांचं तेल असंच तपासत असतात, म्हणून बिघाड आधी कळतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी विसरलेलो नाही. फार वर्षांपूर्वी अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला निघालेली एक जीप संध्याकाळी माझ्याकडे आली. गिअर बॉक्स ओरडत होता. तेल बदलून द्या म्हणाले. मी खालचं बूच सोडलं, काळं तेल घमेल्यात पडलं, आणि मग वर भरायचं बूच सोडायला गेलो तर ते हलेना. कुणीतरी आधी चुकीच्या पान्याने त्याचे कोपरे खाल्ले होते. छिन्नी लावली, तापवून बघितलं, काही होईना. बॉक्स रिकामा, गाडी जागची हलेना, आणि जीपमध्ये दोन म्हाताऱ्या आणि तापलेलं एक तान्हं लेकरू. रात्री नऊला बीडकडे जाणाऱ्या टेम्पोत त्यांना बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बुचावर नट वेल्ड करून ते काढलं तेव्हा कुठे तेल भरता आलं. चूक माझी होती. भरायची वाट मोकळी आहे की नाही हे बघितल्याशिवाय तेल सोडायचं नसतं. तेव्हापासून माझ्या गॅरेजात कुणी पोरगं खालच्या बुचाला आधी हात लावत असेल तर मी त्याचा हात धरतो. तुझ्या गाडीत वर फिल्टरचं झाकण आहे, तिथूनही तेल भरता येतं. ते आधी सोडायचं, हातानं फिरतंय याची खात्री करायची, मग खाली जायचं.

खालची रचना वेगळीच आहे, ती समजून घे. ड्रेनचं बूच सोडलं की थोडंसंच तेल येतं आणि थांबतं. नवशिक्याला वाटतं झालं. आत एक प्लास्टिकची उभी नळी आहे. ती आठच्या अॅलन कीने सोडली की खरं तेल उतरतं, साधारण पाच लिटर. बॉक्समध्ये एकूण सातच्या आसपास असतं, उरलेलं आतल्या खाचाखोचांत राहतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. किती उतरलं ते मापाने मोजायचं. पाचापेक्षा बरंच कमी निघालं तर गळती शोधायची. नळी परत बसवताना जोर लावायचा नाही, प्लास्टिक आहे, आटे जातात. मग पाचेक लिटर भरल्याशिवाय इंजिनला चावी नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. या बॉक्सला गेज नाही. त्या उभ्या नळीचं तोंड हीच त्याची पातळी. इंजिन चालू ठेवायचं, ब्रेक दाबून लीव्हर प्रत्येक खाचेत दोन-तीन सेकंद थांबवत फिरवायचा, आणि तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असतानाच बूच काढून जास्तीचं गळू द्यायचं. धार तुटून थेंब पडायला लागले की बूच बंद. तापमान हाताने बघायचं नाही, स्कॅनरवर बघायचं. तेल तापलं की फुगतं. ६० अंशांवर पातळी लावलीस तर गार झाल्यावर बॉक्समध्ये तेल कमी राहील, आणि तुला ते घाटात कळेल. ट्रकच्या बॉक्सला मी आयुष्यभर बोट घालून पातळी बघितली, पण ती सवय इथे उपयोगाची नाही. आपल्या बीडच्या उन्हाळ्यात तर दुपारी हवाच चाळिशीच्या वर असते, चालवून आणलेली गाडी ३५वर येणार कशी? म्हणून हे काम पहाटेचं. गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली हवी. मी गवंड्याची पाणसळ आणून ठेवली आहे, दरवाज्याच्या पट्टीवर लावून बघू.

तेल कंपनीच्या नंबरचंच आण आणि सील बघून घे. नुसतं ‘गिअर ऑइल’ म्हणून दुकानदार काहीही देईल. नव्वद नंबर तुझ्या बॉक्समध्ये गेलं तर क्लच घसरायचे तसे घसरणारच नाहीत, आणि साधं ऑटोमॅटिकचं तेलही नको. रिकामे डबे भोक पाडून मगच भंगारात टाकू. अख्ख्या डब्यांत बनावट तेल भरून विकणारे आहेत. जुनं तेल ओढ्याला किंवा बांधावर ओतायचं नाही. माझ्याकडे त्याचं वेगळं पिंप आहे, ते परवानाधारक घेऊन जातात.

बदलल्यावर स्कॅनरवरून क्लचची बेसिक सेटिंग करून घेऊ आणि शंभरेक किलोमीटर सावकाश चालवू. पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकायची सवय सोड. पुढे जागा होऊ दे, मग नीट निघ. चढावर अॅक्सिलेटर दाबून गाडी तोलून धरणं हे तर कधीच नको. क्लच तेलातच भाजतो. ब्रेकसाठी हात आहे, पाय आहे.

ब्रेकचं निघालं म्हणून एवढं लिहितो. मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे जाताना तू जोरात जाणार, हे मला माहीत आहे. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असं ठरलेलं आहे. तेच हवेतलं पाणी पिऊन बसलं की हा आकडा १५५वर आला तरी चालतो, असं तेच मानक म्हणतं. उतारावर सतत ब्रेक दाबले की ते तापमान लांब नसतं. मग पेडल मऊ होतं आणि पाय फळीला टेकतो. या घाटात उतरलेल्या गाड्या मी क्रेनने वर काढलेल्या आहेत. दर दोन वर्षांनी ते बदलायचं. तुझं कधी बदललंय ते विकणाऱ्याला सांगता येणार नाही, म्हणून तेही त्याच दिवशी बदलू.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी हे काम करू. शुक्रवारी रात्री नगर, जामखेड, पाटोदा असा सावकाश ये आणि गाडी गॅरेजासमोर उभी करून थेट घरी जेवायला ये. रात्रभर ती गार होऊ दे. पहाटे साडेपाचला मी खड्ड्यापाशी असेन. ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा

ता. क. — ड्रेन बुचाचं नवं वॉशर आणि गिअर बॉक्सचा फिल्टर पुण्याहूनच घेऊन ये. इथे मिळत नाहीत, आणि जुनं वॉशर मी परत लावणार नाही.