टॅक्सीच्या इंजिनाची स्पोर्ट्स कार

प्रश्न : आमच्या ओळखीचे एक जुने मेस्त्री छातीठोकपणे सांगतात की, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीत जे इंजिन होतं, तेच इंजिन असलेली एक इटालियन स्पोर्ट्स कार न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात ठेवली आहे. मेस्त्रींना थापा मारायची सवय आहे. यात तथ्य किती? आणि असेलच, तर त्या कंपनीचं नाव आपल्या कानावर कसं नाही?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : या वेळी मेस्त्रींवर अन्याय करू नका. त्यांचं म्हणणं सोळा आणे नसलं, तरी चौदा आणे खरं आहे.

गाडीचं नाव चिसितालिया 202. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1951 मध्ये आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ही होती. पुढे 1972 मध्ये संग्रहालयाने ती कायमची आपल्याकडे घेतली. तिथल्या संग्रहात आलेली ही पहिली मोटार. फेरारी नाही, रोल्स रॉइस नाही, तर ही.

आता इंजिन. फियाटने 1937 मध्ये आपल्या 508 सी या गाडीत एक चार सिलिंडरचं इंजिन बसवलं. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75, एकूण 1089 सीसी. साधं, दणकट, कुठल्याही गल्लीतल्या गॅरेजात उघडता येईल असं. हेच इंजिन थोडेफार बदल होत फियाट 1100 मध्ये राहिलं, आणि वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आपल्या रस्त्यांवर आलं. पद्मिनीच्या कागदपत्रांत अगदी शेवटपर्यंत 1089 हाच आकडा होता. चिसितालियाचं इंजिनही याच घराण्यातलं. दोन आणे कमी केले ते एवढ्यासाठी की, फियाटच्या साध्या गाडीत जेमतेम 32 अश्वशक्ती देणाऱ्या या इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवून, कार्ब्युरेटर बदलून त्यातून 50 ते 55 अश्वशक्ती काढली होती. घराणं एक, पण तालीम वेगळी.

कंपनी तुरिनची, मालक पिएरो दुसियो. हा गृहस्थ तरुणपणी युव्हेंटसकडून फुटबॉल खेळला, दुखापतीने मैदान सुटलं तेव्हा कापडाच्या धंद्यात शिरला आणि युद्धकाळात लष्करी गणवेशांच्या पुरवठ्यावर गब्बर झाला. पुढे त्याच युव्हेंटसचा अध्यक्षही झाला. क्रीडासाहित्य, सायकली असे त्याचे बरेच उद्योग होते, आणि स्वतः शर्यतीत गाडी हाकण्याचा भारी नाद. युद्ध संपलं की शर्यती पुन्हा सुरू होणार, आणि तेव्हा लोकांकडे ना पैसा असणार ना गाड्या, हे त्याने आधीच ताडलं होतं. म्हणून 1944 मध्येच त्याने फियाटच्या दान्ते जाकोझाला गाठलं. हा जाकोझा म्हणजे फियाटची चिमुकली ‘तोपोलिनो’ घडवणारा इंजिनिअर. फियाटची नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वेळात त्याने दुसियोसाठी एका जणाने बसायची छोटी रेसिंग कार आखली. इंजिन आणि बरेचसे भाग फियाटचे, सांगाडा सायकलीला वापरतात तसल्या बारीक पोलादी नळ्यांचा. गाडीचं वजन 400 किलोच्या आत-बाहेर.

ही डी 46 पहिल्यांदा पळाली ती 3 सप्टेंबर 1946 रोजी, तुरिनच्या व्हालेंतिनो बागेतल्या कोप्पा ब्रेझी शर्यतीत. पहिले तीनही क्रमांक चिसितालियाचे, आणि पहिला खुद्द दुसियो! पण त्या दिवसाची आठवण निघते ती वेगळ्याच कारणाने. ताझियो नुव्होलारी हा इटलीचा सर्वांत लाडका ड्रायव्हर त्या शर्यतीत होता. ऐन धावेत त्याच्या गाडीचं स्टिअरिंग व्हील निखळून हातात आलं. दुसरा कोणी कुंपणावर जाऊन आदळला असता. याने एका हाताने उघडा पडलेला दांडा पकडून गाडी वळवली, दुसऱ्या हातातलं सुटलेलं चाक हवेत नाचवत पिटसमोरून गेला. बघा, तुम्ही मला काय दिलंय! शर्यत हरूनही कंपनीची एवढी जाहिरात दुसऱ्या कोणी केली नसेल.

पुढच्या वर्षी मिले मिलिया. ब्रेशा ते रोम आणि परत, साध्या रस्त्यांवरून जवळजवळ 1800 किलोमीटर. नुव्होलारी तेव्हा 54 वर्षांचा, फुप्फुसांच्या आजाराने पोखरलेला, आदल्याच वर्षी दुसरा मुलगाही गमावलेला. हातात उघडी चिसितालिया, 1100 सीसीची. समोर बिओंदेत्तीची अल्फा रोमियो, जवळपास तिप्पट मोठ्या इंजिनाची. तरी हा म्हातारा शर्यतीचा मोठा भाग पुढे होता. उत्तरेत मुसळधार पाऊस लागला, उघड्या गाडीत पाणी साचलं, इग्निशन भिजून इंजिन बंद पडलं आणि ते सुकवण्यात वेळ गेला. बिओंदेत्ती जिंकला, नुव्होलारी दुसरा. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावरही चिसितालियाच. ती शर्यत प्रत्यक्षात कोण जिंकलं हे इटलीत आजही फारसं कोणी आठवत नाही, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

संग्रहालयातली बंदिस्त कूपे मात्र शर्यतीमुळे तिथे गेली नाही. ती गेली पिनिन फारिना या कारागिराच्या हातामुळे. त्या काळच्या गाड्या डोळ्यांसमोर आणा : बॉनेट एक, मडगार्ड वेगळे, हेडलाइट वर बसवलेले, जणू प्रत्येक अवयव स्वतंत्र बनवून बोल्टने जोडलेला. फारिनाने हे सगळं एकाच पत्र्याच्या कातडीखाली घेतलं. बॉनेट दोन्ही मडगार्डांच्या मध्ये खाली बसवलं, दिवे मडगार्डांच्या पोटात घेतले, आणि छताची रेष मागपर्यंत एका दमात उतरवली. अॅल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून ही अंगं काढलेली. क्रोमची झालर जवळपास नाहीच. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही, कारण त्यानंतरची प्रत्येक स्पोर्ट्स कार याच वळणावर गेली. अशा गाड्या झाल्या साधारण 170.

प्रश्न : पण मग अशी कंपनी बुडाली कशी? (त्याच पत्रातून)

उत्तर : गाड्या वाईट होत्या म्हणून नाही, तर मालकाला धीर नव्हता म्हणून. 202 हाताने बनायची, त्यामुळे महाग पडायची, आणि अमेरिकेत याच सुमारास तिच्याहून कितीतरी ताकदवान जग्वार कमी पैशांत मिळू लागली. पत्र्याखाली फियाटचं छोटं इंजिन आहे हे गिऱ्हाइकाला कळायला वेळ लागत नसे. शहाण्या दुकानदाराने अशा वेळी हात आखडता घेतला असता. दुसियोने ग्राँ प्रीची गाडी करायला घेतली.

आणि काम दिलं कोणाला, तर ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी आसरा घेतलेल्या पोर्शेच्या कचेरीला. फर्डिनांड पोर्शे तेव्हा फ्रान्समध्ये कैदेत होते, काम बघत होता मुलगा फेरी. जामिनाची रक्कम भरायची होती 10 लाख फ्रँक. दुसियोच्या कामाच्या पैशांचा आधार मिळाला आणि ऑगस्ट 1947 मध्ये थोरले पोर्शे बाहेर आले. पुढे ते निर्दोषही ठरले, पण हिटलरच्या राजवटीशी त्यांची जवळीक होती आणि फोक्सवॅगनच्या कारखान्यात वेठीला धरलेले मजूर राबले होते, हे या हृद्य कथेत सहसा कोणी सांगत नाही.

गाडी झाली ती मात्र अचाट. दीड लिटरचं बारा सिलिंडरचं आडवं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, दोन सुपरचार्जर, आणि हवी तेव्हा चारही चाकांना ताकद देण्याची सोय. हे सगळं 1948 च्या आसपास! तिने एकाही ग्राँ प्रीत भाग घेतला नाही. खर्चाने कंपनीचं कंबरडं मोडलं, 1949 मध्ये ती धनकोंच्या ताब्यात गेली. दुसियो राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या आश्रयाने अर्जेंटिनाला गेला, सोबत ती गाडीही नेली. तिथे ऑटोआर नावाची कंपनी काढली, पण तिची डाळ फार शिजली नाही. ग्राँ प्रीची ती गाडी नंतर पोर्शेने परत मिळवली, आज ती स्टुटगार्टच्या पोर्शे संग्रहालयात आहे.

माझ्या मते चिसितालियाची खरी गंमत पुढेच आहे. जो जो तिच्याजवळ आला त्याचं भलं झालं, एका मालकाचं सोडून. पिनिन फारिनाचं नाव या एका गाडीने जगभर गेलं. पोर्शे कुटुंबाला अडचणीच्या काळात काम आणि पैसा मिळाला. पहिल्याच शर्यतीत चिसितालिया चालवणाऱ्या फ्रांको कोर्तेझेने मार्च 1947 मध्ये कैरोची शर्यत चिसितालियातून जिंकली आणि दोनच महिन्यांनी फेरारीची पहिली शर्यतीची गाडी मैदानात उतरवली. आणि कंपनीच्या शर्यतींची जबाबदारी सांभाळणाऱ्या कार्लो अबार्थने तिच्या पडझडीतून काही गाड्या आणि सुटे भाग आपल्या थकलेल्या पैशांच्या बदल्यात उचलले, 1949 मध्ये बोलोन्याला स्वतःची पाटी लावली. नुव्होलारीची शेवटची शर्यत याच गाड्यांपैकी एकीत झाली : एप्रिल 1950, पालेर्मोजवळचा माँते पेलेग्रिनोचा घाट, आणि आपल्या वर्गात पहिला क्रमांक. अबार्थचं विंचवाचं चिन्ह अजूनही फियाटच्या छोट्या गाड्यांवर दिसतं. चिसितालियाचं नाव दुसियोच्या मुलाने काही वर्षं रेटलं, साठीच्या दशकात तेही थांबलं. तुमच्या कानावर ते नाव आलं नाही याचं कारण हे.