पाहण्याची शाळा

[ ऑस्ट्रिया देशातील साल्झबुर्ग शहरात दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत चित्रकलेची शाळा भरते. देशोदेशींचे विद्यार्थी तेथे शिकायला येतात. ही शाळा कोणी सुरू केली, का सुरू केली आणि तेथे काय शिकवले जाई, हे या पाठात सांगितले आहे. ]

विद्यार्थी मित्रांनो, पाठाला सुरुवात करण्यापूर्वी मी तुम्हांला एक छोटासा प्रश्न विचारतो. पुस्तकातून मान वर न करता उत्तर द्या. तुमच्या शाळेच्या फाटकाला किती गज आहेत? फाटकाची कडी डाव्या बाजूला आहे की उजव्या?

अडखळलात ना? लाजू नका. हाच प्रश्न मी एकदा नववीच्या वर्गात विचारला. कोणी बारा म्हणाले, कोणी वीस. एका मुलाने मलाच उलट विचारले, "सर, तुम्ही सांगा." तेव्हा माझ्या लक्षात आले, की मलाही उत्तर ठाऊक नव्हते. त्या फाटकातून मी नऊ वर्षे ये-जा करत होतो!

मराठीत दोन क्रियापदे आहेत : 'दिसणे' आणि 'पाहणे'. उर्दूतही 'नजर आना' आणि 'देखना' असे दोन शब्द आहेत. डोळे उघडे असले, की वस्तू दिसते. पाहण्यासाठी मात्र मनही जागे असावे लागते. शाळेचे फाटक आपल्याला रोज दिसत होते, पण आपण ते पाहिले नव्हते.

'पाहणे' ही शिकण्याची गोष्ट आहे, असे एका चित्रकाराला वाटत होते. म्हणून त्याने एक शाळाच काढली आणि तिला नावही तसेच दिले : 'पाहण्याची शाळा'. त्या चित्रकाराचे नाव ओस्कार कोकोश्का.

कोकोश्का यांचा जन्म १८८६ साली ऑस्ट्रियातील डॅन्यूब नदीकाठच्या एका छोट्या गावी झाला. ते लहान असताना वडिलांमुळे एक जुने पुस्तक त्यांच्या हाती आले. ते पुस्तक कोमेनियस नावाच्या थोर शिक्षकाने लिहिले होते आणि १६५८ साली प्रसिद्ध झाले होते. त्यात पक्षी, झाडे, सुतार, लोहार, स्वयंपाकघर अशी अनेक चित्रे होती. प्रत्येक चित्रातील वस्तूंना आकडे दिलेले होते आणि त्या वस्तूंची नावे दोन भाषांत शेजारी शेजारी छापलेली होती. मुलाने आधी वस्तू पाहावी आणि मग तिचा शब्द शिकावा, अशी कोमेनियसची पद्धत होती. मित्रांनो, आज तुम्ही मराठी शिकता, तेव्हा पुस्तकात आंब्याचे चित्र असते आणि खाली 'आंबा' हा शब्द असतो. अशा सचित्र पाठ्यपुस्तकांच्या परंपरेत कोमेनियसच्या त्या पुस्तकाला मोठा मान आहे.

कोकोश्का मोठे झाले आणि नामवंत चित्रकार बनले. माणसाचा चेहरा रंगवताना ते केवळ नाक-डोळे रंगवत नसत. त्या माणसाची काळजी, भीती, आशा हेही ते चित्रात उतरवत. पण त्यांचे आयुष्य सुखाचे नव्हते. पहिल्या महायुद्धात ते सैनिक होते. १९१५ साली त्यांच्या डोक्याला गोळी लागली आणि छातीत संगीन घुसली. नशिबाने ते वाचले.

पुढे जर्मनीत हिटलरची राजवट आली. चित्रकाराने काय रंगवावे आणि लोकांनी काय पाहावे, हेही सरकारच ठरवू लागले. १९३७ साली म्यूनिक शहरात एक विचित्र प्रदर्शन भरवण्यात आले. ज्या चित्रकारांची चित्रे सरकारला आवडत नव्हती, त्यांची चित्रे तेथे टांगली होती. लोकांनी ती पाहून हसावे, हा त्या प्रदर्शनाचा हेतू होता. अशा कलेला सरकारने 'भ्रष्ट कला' असे नाव दिले होते. त्यात कोकोश्का यांचीही चित्रे होती. त्यांची चारशेहून अधिक चित्रे जर्मनीतील संग्रहालयांतून जप्त करण्यात आली.

कोकोश्का त्या वेळी प्राग शहरात राहत होते. ही बातमी ऐकून त्यांनी काय केले? त्यांनी स्वतःचेच एक चित्र काढले आणि त्याला नाव दिले : 'एका भ्रष्ट कलावंताचे आत्मचित्र'. त्या चित्रात ते हाताची घडी घालून शांतपणे समोर पाहत आहेत. अपमानाला असेही उत्तर देता येते! पण १९३८ साली त्यांना प्रागही सोडावे लागले. ते लंडनला गेले.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले. त्या वर्षीच्या नाताळात लंडनच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर कोकोश्का यांनी काढलेले एक भित्तिचित्र लावण्यात आले. थंडीने आणि भुकेने मरणाऱ्या युरोपातील मुलांची आठवण लोकांना राहावी, म्हणून त्यांनी ते काढले होते. त्या मुलांत कालच्या शत्रूंची मुलेही होती. पण भुकेल्या मुलाकडे पाहताना कोकोश्का यांना त्याचा देश दिसत नव्हता, त्याची भूक दिसत होती.

आता आपण साल्झबुर्गकडे वळू. हे सुंदर शहर साल्झाख नदीच्या काठी वसले आहे. जगप्रसिद्ध संगीतकार मोझार्ट यांचा जन्म १७५६ साली येथेच झाला. शहराच्या मधोमध एक डोंगर आहे आणि डोंगरावर होहेनसाल्झबुर्ग नावाचा भक्कम किल्ला आहे. त्याचे बांधकाम १०७७ साली सुरू झाले. या किल्ल्याच्या भिंतींनी अनेक राज्यकर्ते पाहिले. विसाव्या शतकात काही काळ त्यात कैदीही ठेवले होते.

१९५३ सालच्या उन्हाळ्यात या किल्ल्यात कैदी नव्हे, तर विद्यार्थी आले. साल्झबुर्गमधील चित्रविक्रेते फ्रीडरिश वेल्झ यांच्या साथीने कोकोश्का यांनी तेथे उन्हाळी कला अकादमी सुरू केली. तेव्हा त्यांचे वय ६७ वर्षांचे होते. युद्ध संपून आठच वर्षे झाली होती. ऑस्ट्रियात अजून परकीय सैन्य होते. कालपर्यंत ज्यांचे देश एकमेकांशी लढत होते, असे तरुण आता एकाच खोलीत शेजारी शेजारी बसून चित्रे काढू लागले.

या शाळेत प्रवेशासाठी परीक्षा नव्हती. कोणी कसलेला चित्रकार असे, तर कोणी पहिल्यांदाच हातात कुंचला धरत असे. कोकोश्का दोघांनाही सारखेच वागवत. मग ते शिकवत तरी काय?

त्यांच्या वर्गात जलरंग वापरत. जलरंग झटपट वाळतो. एकदा कागदावर उतरला, की सहज पुसता येत नाही. समोर एखादा स्त्री किंवा पुरुष बसलेला असे, पण तो पुतळ्यासारखा तासन्‌तास बसत नसे. तो उठे, वळे, वाके, चालू लागे. थोड्याच वेळात त्याची बैठक बदले. तेवढ्या वेळात विद्यार्थ्याने चित्र पूर्ण करायचे. चित्र देखणे करायला वेळच मिळत नसे. विद्यार्थ्याची नजर कागदावरून उठून समोरच्या माणसावर स्थिर व्हावी, हाच त्यामागचा हेतू होता.

कोकोश्का यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. एकदा वर्गातील विद्यार्थी कंटाळून चित्रे काढत होते. कोकोश्का समोर बसलेल्या माणसाच्या कानात काहीतरी कुजबुजले. थोड्या वेळाने तो माणूस एकदम खाली कोसळला. कोकोश्का धावत गेले. त्यांनी त्याच्या छातीला कान लावला आणि तो मरण पावल्याचे जाहीर केले. सारा वर्ग सुन्न झाला. तेवढ्यात तो माणूस हसत उठून बसला! मग कोकोश्का विद्यार्थ्यांना म्हणाले, की हा माणूस जिवंत आहे हे आता तुम्हांला कळले आहे, तेव्हा तसेच त्याचे चित्र काढा.

मित्रांनो, या गोष्टीचे मर्म समजून घ्या. तो माणूस सर्वांना दिसत होता. तो जिवंत आहे, इकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते.

कोकोश्का यांनी १९६३ पर्यंत दर उन्हाळ्यात तेथे शिकवले. १९८० साली, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची शाळा मात्र आजही भरते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पाऊस पडत असतो, तेव्हा तिकडे उन्हाळ्याची सुटी असते. त्या काळात देशोदेशींचे विद्यार्थी किल्ल्यावर जमतात. आता तेथे चित्रकलेबरोबर शिल्पकला, छायाचित्रण अशा इतर कलाही शिकवतात. काही विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीही मिळते.

ज्या संकटामुळे कोकोश्का लंडनला गेले, त्याच संकटामुळे ऑस्ट्रियातील आणखी एक चित्रकार आपल्या मुंबईत आला. त्याचे नाव वाल्टर लँगहॅमर. त्याची पत्नी ज्यू होती, त्यामुळे हिटलरच्या राजवटीत त्यांना धोका होता. मुंबईत लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'त कला-संचालक झाले. सय्यद हैदर रझा, आरा, हुसेन या तरुण चित्रकारांना त्यांनी मार्गदर्शन आणि उत्तेजन दिले. नागपूर आणि मुंबई येथे शिकलेले रझा पुढे १९५० साली शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला शिकायला गेले आणि जगभर प्रसिद्ध झाले. स्वतःचे घर गमावलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या मुलांसाठी आपल्या घराचे दार उघडले, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

तुमच्यापैकी कोणी उद्या चित्रकार होईल. शासकीय रेखाकला परीक्षा देईल, कला महाविद्यालयात जाईल, कदाचित साल्झबुर्गचा तो किल्लाही चढेल. तसे झाले तर मला फार आनंद होईल. पण प्रवास लांबचा आहे आणि खर्चही मोठा आहे. म्हणून पाहणे शिकायचे थांबवावे का? मुळीच नाही.

आमच्या वर्गात मी एक प्रयोग केला. प्रत्येकाने घरातील एका माणसाचे हात पंधरा मिनिटे पाहायचे आणि त्यांचे चित्र काढायचे. खोडरबर वापरायचे नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनी चित्रे आणली. बरीचशी वेडीवाकडी होती. एका मुलीने आपल्या दादीचे हात काढले होते. ती म्हणाली, "सर, दादीचा उजवा अंगठा वाकलेला आहे आणि नखाची कड झिजली आहे. मला हे कालच समजले. मी विचारले, तेव्हा दादी म्हणाली, की तिने तीस वर्षे बिड्या वळल्या. त्याच पैशांवर अब्बा शिकले." एवढे बोलून ती गप्प झाली. वर्गही गप्प झाला.

ते हात तिला जन्मापासून दिसत होते. त्या दिवशी तिने ते पाहिले. तिच्या चित्रात बोटे जरा लांब झाली होती, पण त्या चित्राला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

जो स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहतो, त्याला दुसरा कोणी सहज फसवू शकत नाही. अमके लोक वाईट आहेत, अमकी कला भ्रष्ट आहे, असे कोणी सांगितले, तर तो म्हणतो, "थांबा, आधी मला पाहू द्या." कोकोश्का यांच्या शाळेचा धडा तो हाच. हा धडा गिरवण्यासाठी किल्ला लागत नाही. एक कागद, एक पेन्सिल आणि पंधरा मिनिटे पुरेत.

आणि हो, उद्या शाळेत येताना फाटकाचे गज मोजायला विसरू नका!

शब्दार्थ

गज – लोखंडी सळई. संगीन – बंदुकीच्या टोकाला लावलेले पाते. राजवट – सत्ता, हुकूमत. भ्रष्ट – बिघडलेले. आत्मचित्र – चित्रकाराने काढलेले स्वतःचे चित्र. भित्तिचित्र – भिंतीवर लावायचे मोठे चित्र. कुंचला – रंग देण्याचा ब्रश. कसलेला – तयारीचा, अनुभवी. सुन्न होणे – धक्क्याने काही न सुचणे. मर्म – खरा अर्थ. शिष्यवृत्ती – शिकण्यासाठी मिळणारी मदत, वजिफा. गिरवणे – पुन्हा पुन्हा सराव करणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोकोश्का यांनी आपल्या शाळेला कोणते नाव दिले?
(आ) कोमेनियसचे पुस्तक कोणत्या साली प्रसिद्ध झाले?
(इ) साल्झबुर्गची उन्हाळी कला अकादमी कोठे भरू लागली?

२. कारणे लिहा.
(अ) कोकोश्का यांना प्राग शहर सोडावे लागले.
(आ) वर्गात समोर बसलेला माणूस सारखी बैठक बदलत असे.
(इ) वेड्यावाकड्या चित्राला शिक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'दिसणे' आणि 'पाहणे' यांतील फरक पाठाच्या आधारे सांगा.
(आ) कोकोश्का यांनी अपमानाला कसे उत्तर दिले?

४. रिकाम्या जागी 'दिसणे' किंवा 'पाहणे' या क्रियापदांची योग्य रूपे लिहा.
(अ) खिडकीतून मशिदीचा मिनार ______.
(आ) मी तो किडा जवळ जाऊन नीट ______.

५. उपक्रम : घरातील एका व्यक्तीचे हात पंधरा मिनिटे पाहा, चित्र काढा आणि त्या हातांनी केलेल्या कामाविषयी त्या व्यक्तीला विचारून दहा ओळी लिहा.