पतसंकट आणि व्यापारी जहाजांचा अर्थपुरवठा

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या परतवाड्याचा समुद्राशी काही संबंध असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु वऱ्हाडातील कापूस दीडशे वर्षांहून अधिक काळ परदेशी जात आला आहे. 'शकुंतला' या नावाने ओळखला जाणारा अचलपूर-मूर्तिजापूर हा अरुंद लोहमार्ग ब्रिटिश भांडवलातून घातला गेला, तो मुख्यतः हा कापूस मोठ्या लोहमार्गापर्यंत व तेथून मुंबई बंदरात पोचविण्यासाठीच. ती गाडी आता बंद पडली असून गाठी अन्य मार्गांनी बंदराकडे जातात. मात्र गाठ बंदरात पोचली, तरी पुढे तिला जहाज मिळावे लागते, आणि जहाजाला पैसा. हा पैसा कोठून येतो व तो आटला म्हणजे काय घडते, हे कापूस पिकविणाऱ्या प्रदेशाने समजून घेणे अगत्याचे आहे.

जहाज कोणाच्या पैशावर उभे राहते?

मोठे व्यापारी जहाज स्वतःच्या संपूर्ण भांडवलावर विकत घेणारे मालक थोडेच. बहुतेक मालक किमतीचा काही भाग स्वतः घालतात व उरलेला बँकेकडून कर्जाऊ घेतात. तारण म्हणून जहाजच गहाण ठेवले जाते आणि त्या गहाणाची नोंद जहाजांच्या नोंदवहीत होते. कर्जाची फेड जहाजाच्या भाड्यातून व्हावयाची असते.

नवे जहाज बांधावयाचे असल्यास कारखान्याला करार, पोलाद कापणे, कणा बसविणे, जलावतरण व ताबा अशा टप्प्यांनी रक्कम दिली जाते. जहाज पुरे न झाल्यास आगाऊ रक्कम परत मिळेल, अशी हमी कारखान्याच्या वतीने बँक देते. याखेरीज जहाजात चढणारा मालही पतीवरच चालतो. परदेशी खरेदीदाराची बँक पतपत्र देते आणि त्या भरवशावर निर्यातदार माल रवाना करतो. थोडक्यात, जहाज बांधणे, विकत घेणे आणि भरणे या तिन्ही गोष्टी बँकेच्या शब्दावर अवलंबून आहेत.

संकटाचे चक्र

एक उदाहरण घेऊ. शंभर कोटी रुपयांच्या जहाजावर सत्तर कोटींचे कर्ज आहे. जहाजाची बाजारातील किंमत शिल्लक कर्जाच्या सव्वापटीहून खाली जाऊ नये, अशी अट करारात आहे. पतटंचाई आली की पतपत्रे मिळेनाशी होतात, माल कमी होतो व भाडे उतरते. भाडे उतरताच जहाजाची किंमतही घसरते. ती साठ कोटींवर आली, तर मालकाने एकही हप्ता चुकविलेला नसताना तारण अपुरे ठरते. बँक जादा रक्कम मागते. ती देता न आल्यास जहाज विकावे लागते. अशी अनेक जहाजे एकाच वेळी विक्रीस आली म्हणजे किंमत आणखी कोसळते आणि शेजारच्या मालकाचेही तारण अपुरे पडते.

यात भर पडते ती वेळेच्या अंतराची. तेजीत मागविलेली जहाजे दोन-तीन वर्षांनी तयार होतात. तोवर मंदी आलेली असते, आणि आधीच रिकाम्या उभ्या असलेल्या जहाजांच्या रांगेत ती नवी जहाजे येऊन मिळतात.

वऱ्हाडचा जुना अनुभव

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले व तेथील दक्षिणेकडील कापसाची निर्यात खुंटली. इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या. वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व मोल आले आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशातून नव्या बँका व समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या भागांचा सट्टा माजला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ या सौदेपूर्तीच्या दिवशी अनेक पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेही सावरू शकली नाही. १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली.

पुढच्याच वर्षी, १० मे १८६६ रोजी, लंडनची ओव्हरेंड गर्नी ही प्रख्यात पेढी कोसळली. अल्प मुदतीच्या ठेवी तिने जहाज कंपन्या व जहाजबांधणी यांसारख्या दीर्घ मुदतीच्या व्यवहारांत अडकविल्या होत्या. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर दहा टक्क्यांवर गेला आणि थेम्स नदीकाठच्या जहाजबांधणी उद्योगाला असा धक्का बसला की तो पूर्वपदास आलाच नाही. लवकर परत मागितला जाणारा पैसा सावकाश फळणाऱ्या उद्योगात घालू नये, हा या घटनेचा धडा होय.

२००८ सालची पुनरावृत्ती

२० मे २००८ रोजी सुट्या मालाच्या जहाजभाड्याचा बाल्टिक निर्देशांक ११,७९३ वर होता. १५ सप्टेंबरला अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स बुडाली. बँकांचा परस्परांवरील विश्वास उडाला, पतपत्रे अडली आणि ५ डिसेंबरला हाच निर्देशांक ६६३ वर उतरला. ज्या महाकाय जहाजांना जूनमध्ये दिवसाला दोन लाख डॉलरांहून अधिक भाडे मिळत होते, त्यांना अडीच हजार डॉलरही मिळेनात.

२००८-०९ या हंगामात भारताची कापूस निर्यात आदल्या वर्षीच्या सुमारे ८८ लाख गाठींवरून सुमारे ३५ लाख गाठींवर आली. याचे कारण केवळ जहाजे नव्हेत. जगातील मागणी घटली होती आणि देशातील भाव बाहेरच्या भावापेक्षा चढे होते. लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला २,०३० रुपयांवरून ३,००० रुपये करण्यात आली होती व शासकीय खरेदी मोठ्या प्रमाणावर झाली. परदेशी बाजार आक्रसला असताना शेतकऱ्याला आधार मिळाला तो या खरेदीचा.

जहाजधंद्याचे दुखणे मात्र लांबले. दक्षिण कोरियाच्या हानजिन कंपनीने ३१ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायालयाकडे धाव घेतली, तेव्हा तिची मालाने भरलेली जहाजे समुद्रात खोळंबून राहिली. बंदराचे पैसे मिळण्याची खात्री नसल्याने अनेक ठिकाणी त्यांना प्रवेश मिळेना. माल, जहाज व खलाशी सारे जागेवर होते. पत तेवढी उरली नव्हती. महाराष्ट्रातही रत्नागिरी व दाभोळ येथे कारखाने असलेली भारती शिपयार्ड ही कंपनी कर्जाच्या भाराखाली आली. मागणी मंदावली असतानाच दुसरी कंपनी ताब्यात घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचाही तिच्यावर भार होता. २०१२ मध्ये कर्जाची पुनर्रचना होऊनही अखेर २०१९ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला.

उपाययोजनेची दिशा

स्वातंत्र्यानंतर भारताने या प्रश्नाचा विचार लवकर केला. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यान्वये नौवहन विकास निधी समिती स्थापन झाली व सवलतीच्या दराने दीर्घ मुदतीची कर्जे मिळू लागली. ऐंशीच्या दशकातील जागतिक मंदीत, जपानची सांको कंपनीही १९८५ मध्ये बुडाली असताना, भारतीय कंपन्यांची कर्जे थकली आणि १९८७ मध्ये ही समिती बंद करण्यात आली. १९८६ मध्ये स्थापन झालेली नौवहन पतपुरवठा संस्थाही पुढे आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत २५,००० कोटींचा सागरी विकास निधी अंतर्भूत आहे. मोठ्या जहाजांना पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाल्याने दीर्घ मुदतीचे कर्ज मिळविणेही सुकर व्हावे, अशी अपेक्षा आहे.

तथापि, निधी उभारला म्हणजे काम संपले असे नाही. तेजीत सढळ हाताने व मंदीत मूठ आवळून कर्ज देण्याची रीत राहिली, तर सरकारी निधीही त्याच चक्रात सापडेल. भाडे चढे असताना कर्ज आवरते ठेवणे, हप्त्यांसाठी गंगाजळी साठविणे आणि मंदीत किमती उतरल्या असताना जहाजे घेण्यास साहाय्य करणे, हाच खरा मार्ग होय. चांगल्या हंगामात पुढच्या दुष्काळाची तरतूद करून ठेवणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला हा विचार नवा नाही. परतवाड्याच्या बाजारात उतरणाऱ्या कापसाचा भाव परदेशी मागणीवर जोवर काही अंशी अवलंबून आहे, तोवर जहाजाच्या कर्जाचा प्रश्न हा त्याच्याही घरचा प्रश्न आहे.