बालकल्याण समिती आणि पालक : संवादाची निकड

आई-वडिलांचे छत्र हरपलेल्या अनेक मुलांचा सांभाळ आजी करते. बालकल्याण समितीचा कागद आला की तिच्या मनात पहिली धास्ती येते, ‘नातवाला नेतील काय?’ ही धास्ती संवादाच्या अभावातून उपजते, असे आम्हांस वाटते.

वस्तुतः बाल न्याय अधिनियम, २०१५ याने मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबावर सोपविली असून संस्थेतील प्रवेश हा अखेरचा उपाय मानला आहे. मुलाचे म्हणणे ऐकून घेणे हेही त्यातील एक तत्त्व होय. बालसंगोपन योजनेतून कुटुंबात वाढणाऱ्या गरजू मुलांसाठी दरमहा अनुदान मिळते. परंतु हे आजीपर्यंत पोहोचवणार कोण?

म्हणून आदेश तिच्या बोलीत समजावून सांगावा, मगच अंगठा घ्यावा. पुढील तारीख व संबंधित अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावा. तिचे म्हणणे अहवालात नोंदवावे. पालकांनीही मुलाचे आजारपण, स्थलांतर, शाळाबदल वेळीच कळवावा.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, सुनावणीच्या दिवशी अशा एखाद्या आजीसोबत जावे आणि तिला कागद वाचून दाखवावा. शिक्षणाचे ऋण फेडण्याचा हा एक मार्ग आहे.