गोळी, हरिण आणि गतिज ऊर्जा

नाशिक जिल्ह्याच्या येवला तालुक्यात, ममदापूरच्या माळरानावर काळविटांचे कळप आजही चरताना दिसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या शिकारीला बंदी आहे. मग बंदुकीच्या गोळीचा अभ्यास आपण कशासाठी करायचा? कारण प्राणी मारणाऱ्या गोळीला आणि प्राणी वाचवणाऱ्या सुईला गतीचे नियम एकच लागू पडतात.

अमेरिकेत हरणाची शिकार कायदेशीर आहे आणि तेथील काही राज्यांत पिस्तुलाच्या मापाची काडतुसेही वापरली जातात. त्यांतील दोन गोळ्या घेऊ. ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी सुमारे ८ ग्रॅमची असते व ती सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने सुटते. 'पॉइंट ३५७ मॅग्नम'ची गोळी सुमारे १० ग्रॅमची, वेग सुमारे ३८० मीटर. दोन्हींचा व्यास जवळजवळ सारखाच, ९ मिलिमीटर! आता गतिज ऊर्जेचे सूत्र आठवा: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. वस्तुमान किलोग्रॅममध्ये घ्यायला विसरू नका. पहिलीची ऊर्जा येते ४९० ज्यूल, तर दुसरीची ७२२ ज्यूल. म्हणजे केवळ व्यासावरून गोळीची ताकद ठरत नाही.

पण गोळीजवळ ऊर्जा असणे वेगळे आणि ती शरीरात उतरणे वेगळे. कठीण गोळी आरपार निघून गेली व बाहेर पडताना तिचा वेग निम्मा उरला, तर ऊर्जा किती उरली? निम्मी नव्हे, पाव! ती पाव ऊर्जा वाया गेली. म्हणून मऊ किंवा पोकळ टोकाच्या गोळ्या करतात. अशी गोळी शरीरात शिरताच फुलते. व्यास दुप्पट झाला की समोरचे क्षेत्रफळ चौपट होते, विरोध वाढतो आणि गोळी लवकर थांबते. मात्र ती फार लवकर फुलली, तर हृदय किंवा फुप्फुसापर्यंत पोचतच नाही. मग जखमी प्राणी पळून जातो आणि तडफडत मरतो. योग्य गोळी निवडणे हा तेथे प्राण्याच्या यातनांचाही प्रश्न असतो.

शिशाच्या गोळीचे सूक्ष्म तुकडे मांसात राहतात. ते मांस खाऊन कॉन्डॉर गिधाडांना विषबाधा होते. म्हणूनच कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे.

आता उलट बाजू पाहा. निफाड, सिन्नर, दिंडोरी भागांत उसाच्या शेतात बिबटे राहतात. एखादा बिबट्या वस्तीत शिरला, की वनखात्याला कधीकधी त्याला गुंगीचे औषध द्यावे लागते. बंदुकीतून सुटणारा डार्ट म्हणजे उडती पिचकारीच. समजा, तो १० ग्रॅमचा आहे आणि त्याचा वेग सेकंदाला ६० मीटर आहे. ऊर्जा फक्त १८ ज्यूल! वेग फार वाढवला तर तोच डार्ट हाड मोडेल, कमी केला तर कातडी भेदणार नाही. म्हणून अंतर पाहून वायूचा दाब ठरवतात आणि मांडीसारख्या जाड स्नायूवर नेम धरतात. औषध चढायला काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ बघ्यांची गर्दी दूर ठेवणे हे आपले काम.

करून पाहा: याच डार्टचा वेग दुप्पट केला, तर त्याची ऊर्जा किती ज्यूल होईल?