दाराबाहेरचं स्टूल

पोरी, काल फोनवर मागे धाकटीने भोकाड पसरलं होतं. तू तिच्यावर ओरडलीस, मग स्वतःच रडलीस आणि फोन ठेवलास. म्हणून हे लिहून पाठवते, सवडीने वाच.

गेल्या वर्षीचा पाडवा लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी आला. तेव्हा एकवीस दिवसांचा प्रश्न वाटला होता. यंदा, 2021 ला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून पुन्हा दारं लागली. तेव्हाची केक-बिकची हौस आता कुणाला उरलेली नाही, ते बरंच झालं. दोन्ही वेळा वरणभात झाला आणि पोरं आंघोळ करून बसली, तर दिवस नीट गेला म्हण.

आधी अभ्यासाचं भांडण मिटव. पहिली ते आठवीला परीक्षा न घेता वर चढवणार, असं सरकारनेच जाहीर केलंय. थोरला सहावीत आहे. मग मोबाइलवरच्या तासाला तो कॅमेरा बंद करून लोळतो म्हणून जीव का जाळतेस? रोज एक पान मोठ्याने वाचू दे, वाण्याच्या यादीचा हिशेब त्याच्याकडून करून घे. शाळेत इतकी वर्षं घालवलेली बाई सांगते, राहिलेले अपूर्णांक पुढे शिकवता येतात. आईची धास्ती बसली तर ती काढताना नाकी नऊ येतात.

माझी आजी 1897 च्या प्लेगात सात-आठ वर्षांची होती. घरात उंदीर मरून पडला की माणसं गाव सोडून माळावर झोपड्या टाकायची. तिची आई त्या झोपडीपुढेही रोज सडा घालायची आणि रांगोळीचे ठिपके मात्र आजीला काढायला लावायची. कुणाला गाठ आली, कोण गेलं, ते पोरांना कळायचंच. पण आजी म्हणायची, ठिपके मोजता मोजता सकाळ उलटायची. तुला अंगण नाही, गॅलरी तर आहे. साबुदाण्याच्या चिकवड्या घाल. पोरांच्या हाताने वेड्यावाकड्या होतील, होऊ देत. कावळे हाकलायचं काम धाकटीचं.

ती पुन्हा अंथरूण ओलं करते म्हणालीस. रागावू नकोस, चर्चाही नको. चादर बदल आणि झोप. साथीचे आकडे मात्र पोरं झोपल्यावरच बघायचे, तेही एकदाच.

दुपारी तीन ते चार तू आतल्या खोलीत जा, कडी लाव. बाहेर कडीला टॉवेल बांध. टॉवेल आहे तोवर आई गावाला गेलीय. जावईबापूंची मीटिंग असली तर त्यांनी ती पोरांना मांडीवर घेऊन करावी. पहिले चार दिवस दार ठोठावलं जाईल, उघडू नकोस. मी तुझ्या बाबांकडे असा तास कधी मागितलाच नाही. त्याचा राग अजून येतो, त्यांच्यावर नाही, माझ्यावरच.

आणि घरात कुणी पॉझिटिव्ह आलंच, तर पोरांना 'काही होणार नाही' असं म्हणू नकोस. मला कोरोना झाला तेव्हा चौदा दिवस मी मागच्या खोलीत होते. दाराबाहेर स्टूल, स्टुलावर ताट. तुझा भाचा ताट ठेवून दोनदा टकटक करायचा, पळत जिन्यापाशी जायचा आणि मी मास्क लावून ताट उचलेपर्यंत तिथून हात हलवायचा. एकदा भाताशेजारच्या वाटीत एक गोटी निघाली. तिसऱ्या दिवशी त्याने तिथूनच विचारलं, "आजी, तू मरणार का?" सून स्वयंपाकघरातून धावत आली. मी म्हटलं, "बहुतेक नाही. ताप आहे. बोटाला लावायचं यंत्र 96 दाखवतंय. 94 च्या खाली आलं की तुझा बाबा डॉक्टरांना फोन करेल." त्याने 94 मनगटावर पेनाने लिहून घेतलं. मग रोज संध्याकाळी जिन्यावरून आकडा विचारायचा, आणि रात्री नीट झोपायचा म्हणे.

साबुदाणा आज रात्रीच भिजत घाल. टॉवेल तीनला. साडेतीनला माझा फोन आला तरी उचलू नकोस.